खानाच्या मोहोरेमागचं पाणी

एशनियाज पाटकरी वारला तेव्हा आमच्या खोशकुदुक शहरात त्याच्याबद्दल दोन मतं होती. एक, रंगाऱ्यांचा मोहल्ला त्याने जाळला. दुसरं, जाळला तो खानाने, एशनियाज नुसता पाटाच्या दाराशी उभा होता. चायखान्यात आजही हा वाद निघतो आणि दोन्ही बाजूंची माणसं हातवारे करून बोलतात. मला दोन्ही बाजूंचा संताप येतो. ज्यांनी त्या माणसाबरोबर कधी अर्धी भाकरी खाल्ली नाही त्यांनी त्याचा निवाडा करावा, हे मी ऐकून घेणार नाही. म्हणून लिहितो आहे.

मी त्याला अका, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचो. तो उंच होता आणि कायम थोडा पुढे वाकलेला, कारण त्याची नजर जन्मभर पाण्यावर राहिली. बापही पाटकरीच. पायात जोडा कधी नाही. पाटात पाय बुडवून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "सुतारांकडे कुणीतरी गोधड्या धुतंय." गोधड्या धुणाऱ्या बायका तिकडून शिव्या घालायच्या. मोठ्या पाटातून आमच्या रंगाऱ्यांच्या मोहल्ल्याच्या हौदाला पाणी सोडायचं, पाळी संपली की दार पाडायचं, पुढच्या मोहल्ल्याला द्यायचं, हे त्याचं काम. रंगाऱ्यांना पाणी जास्त लागतं. सूत भिजवायला पाणी, निळीच्या रांजणात पाणी, धुवायला पाणी. पाळी चुकली की चूल थंड.

त्याची बायको आयसुलू तंदूर चालवायची. तिचा आवाज असा की आमच्या भट्टीवर मी मातीच्या नळ्या भाजत असलो तरी तिच्या घरातलं सगळं मला कळायचं.

"हा स्वतःच्या लग्नाला उशिरा आला," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "का, तर सुतारांची पाळी संपायची होती म्हणे! काझी ताटकळला, पुलाव करपला, आणि नवरदेव आला तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन."

"पाळी संपली होती की नव्हती?" एशनियाज आतून विचारायचा.

"संपली होती."

"मग?"

"मग काय! तेव्हाच उठून माहेरी जायला हवं होतं, तर पुलावाच्या वासाने बसून राहिले."

लोक हसायचे. तो हसायचा नाही. पण तिने काढलेली पहिली भाकरी तो तिच्याच हातून घ्यायचा, खाली ठेवलेली उचलायचा नाही. एवढंच त्याचं लाडाचं वागणं.

आता खानाचं. मला खानाबद्दल बरं बोलायला सांगू नका, पण जे झालं ते लपवणारही नाही. आमच्या बेकचा, म्हणजे खानाच्या सुभेदाराचा, धाकटा भाऊ तुराबेक, वरच्या अंगाला त्याचे खरबुजांचे मळे. त्याच्या मनात आलं की त्याची माणसं मोठ्या पाटाची दारं उपटायची आणि पाळी कुणाचीही असो, पाणी मळ्यात. एका उन्हाळ्यात आमच्या हौदात बेडूकसुद्धा राहिले नाहीत. बायका वाटीने गाळ गाळत होत्या. एशनियाज शुक्रवारी किल्ल्यावर गेला. शुक्रवारी खान वेशीवरच्या चौथऱ्यावर बसायचा आणि कुणाचंही गाऱ्हाणं स्वतः ऐकायचा. वजीर बाजूला उभे, पण बोलायचा तो एकटा.

त्याच दिवशी दुपारी खान घोड्यावरून आमच्या पाटावर आला. तुराबेकला बोलावणं गेलं. तो रेशमी झग्यात आला, नमस्कार करायला वाकला, तर खान म्हणाला, "वाकू नकोस. उतर."

"कुठे, हजरत?"

"पाण्यात. तुला फार आवडतं ना."

रंगाऱ्यांच्या बायकापोरांसमोर तुराबेक झग्यासकट कमरेएवढ्या पाण्यात ऊन कलेपर्यंत उभा राहिला. मग खानाने मोठ्या पाटाच्या सगळ्या दारांना घोड्याच्या केसांची दोरी बांधायला लावली. गाठीवर ओल्या मातीचा गोळा, आणि गोळ्यावर त्याच्या बोटातल्या अंगठीची मोहोर. "यापुढे माझ्या अंगठीशिवाय दार उघडणार नाही," तो म्हणाला. "बेक असो, माझा मुलगा असो. ज्याचा हात लागेल तो पुलावर लटकेल." आणि एशनियाजच्या खांद्यावर हात ठेवून, "तू बघायचंस."

त्या दिवशी मीसुद्धा टोपी हवेत उडवली. पुढे याच खानाने, चोरून वर्तमानपत्र वाचून दाखवतो म्हणून, माझी पाठ सोलून काढली, तीही स्वतः समोर बसून. त्याचं सगळं स्वतःच असायचं. न्याय त्याचा, फटकेही त्याचे. धान्याच्या कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला, तोफेला बत्ती द्यायची तर त्याचा शब्द हवा. आणि आम्ही खोशकुदुकची माणसं यावर फुशारकी मारायचो. इतर ठिकाणी म्हणे कारकून राज्य करतात, आमचा खान स्वतः बघतो!

पाळीच्या दिवशी मोहोरदार मीरहैदर गाढवावर बसून किल्ल्यावरून यायचा. खान तेवढ्यापुरती अंगठी त्याला द्यायचा. तो मातीचा गोळा फोडायचा, एशनियाज दार उचलायचा, पाळी संपली की नवा गोळा, नवी मोहोर. काही वर्षं हे घड्याळासारखं चाललं. हौद भरलेला, तुराबेक गप्प. मधे एका माळ्याने रात्री गोळा फोडला, त्याला खरंच पुलावर टांगला. लोक हळहळले, पण पाण्याची शिस्त बसली म्हणाले. मी भांडलो तर मलाच म्हणाले, "हमराकूल, तुझ्या मोहल्ल्यात पाणी येतंय ना? मग?"

मग रशियाचा झार पडला, देशभर लढाया पेटल्या, आणि एका उन्हाळ्याच्या शेवटी बोल्शेविकांची लाल फौज नदीपर्यंत आली. शहरातल्या म्हाताऱ्यांनी खानाला विनवलं, बोलणी करा. त्याने त्यांना हाकलून दिलं आणि नदीवरच्या छावणीत स्वतः जाऊन बसला. सेनापती वेगळा होता, पण नावाला. जाताना मीरहैदरने हात जोडले, "हजरत, अंगठी ठेवून जा, पाण्याच्या पाळ्या आहेत."

"अंगठी तुझ्याकडे राहिली तर खान कोण?" तो हसत म्हणाला. "पाळीआधी मी परत येतो."

पाळीचा दिवस आला नि गेला. खान आला नाही. हौदाच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडल्या आणि शेवटी तळाचा गाळ दिसायला लागला. मोठ्या पाटात मात्र पाणी होतं. दाराच्या फळ्यांना लागून डुचमळत होतं, फटीतून पाझरत होतं. आयसुलू पीठ मळायला पाणी शेजारच्या मोहल्ल्यातून विकत आणत होती, आणि नवरा पाटावर पहारा देत होता.

"गोळा मातीचा आहे," ती त्याला म्हणाली. मी तेव्हा तिच्या तंदुराशी भाकरी घ्यायला उभा होतो. "मातीचा! मी तसले रोज दहा करून देते."

"मोहोर कुठून आणशील?"

"तुझ्या कपाळावर उठवते ना, ये इकडे."

तो खाली बसला आणि शांतपणे बोलला. इतकं बोलताना मी त्याला क्वचित पाहिलं. "आज आपण आपल्यासाठी फोडला, आयसुलू, तर उद्या तुराबेक त्याच्यासाठी फोडेल. तो म्हणेल, रंगाऱ्यांनी फोडला तर मी का नको? मग त्याला अडवणार कोण? त्याच्याकडे बंदुका आहेत. आपल्याकडे हा गोळाच आहे."

आयसुलूने हातातलं पीठ आपटलं. मला एक सुचलं होतं. मी म्हणालो, "मोहल्ल्याने बसून ठरवलं आणि सगळ्यांनी मिळून उघडलं तर ती चोरी कशी?"

"मोहल्ला म्हणजे कोण?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. खोशकुदुकमध्ये मोहल्ल्याने कधी काही ठरवलंच नव्हतं.

नंतर दोन दिवसांनी सकाळी लाल फौजेच्या तोफा सुरू झाल्या. गोळे किल्ल्यावर टाकत होते, पडत होते आमच्यावर. एक बीबीनारच्या अंगणात पडला. ती रंगाऱ्याची विधवा, तिच्याकडे सुताच्या लडी वाळत घातलेल्या, वर वेताच्या चटयांचं छप्पर. वारा सुटलेला होता. मी भट्टीवरून पळत आलो तोवर आगीने शेजारचं घर धरलं होतं. धडधाकट पुरुष तटावर नेलेले, फटके खाल्लेल्या माझ्यावर भरवसा नाही म्हणून मी मागे राहिलेला. बायका आणि म्हातारे हौदावर धावले, हौदात गाळ. त्यांनी गाळ फेकला. मग निळीचे रांजण ओतले. भिंतींवर, कपड्यांवर, तोंडावर सगळीकडे निळं, आणि आग तशीच पुढे.

मग सगळे पाटाच्या दाराकडे आले. एशनियाज दारासमोर उभा होता, हातात फावडं, पाठ पाण्याकडे आणि तोंड किल्ल्याच्या रस्त्याकडे. जन्मात पहिल्यांदा तो पाण्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता.

"उघड!" बीबीनार ओरडली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. "उघड रे मेल्या, घर गेलं माझं!"

"माणूस पाठवलाय किल्ल्यावर. मोहोरदार अंगठी मागवून येतोय."

"तो येईस्तोवर आम्ही राख!"

"बीबीनार अपा, आता येईल. धूर त्यालाही दिसतोय. खान हजरतला दिसतोय."

मी सांगतो, त्याला पुलावर लटकायची भीती नव्हती. भीती असती तर बायकांनी त्याला बाजूला लोटला असता, भ्यालेला माणूस कळतो. त्याची खात्री होती. खान स्वतः बघतो, यावर त्याची खात्री होती. आणि बाकीच्यांची भीती त्याच्या खात्रीला टेकून उभी होती. त्या गोळ्याला हात लावायला एकही पुढे झाला नाही. फावडं काही त्याच्या एकट्याच्याच हातात नव्हतं.

आयसुलू गर्दीतून पुढे आली. तिने गोळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"बीबीनारचा सासरा आत आहे," ती म्हणाली. "लुळा माणूस. त्याला कुणी उचललं नाही."

"आता पाणी येईल, आयसुलू."

"बरं. तू तुझ्या खानाची वाट बघ. मी जाते."

ती गेली. तो दोन पावलं तिच्या मागे गेला आणि परत दारापाशी आला.

मी किल्ल्याकडे पळालो. आधी पाठवलेला माणूस वेशीत बसून रडत होता. वेस सताड उघडी. बुरुजावर तोफ, शेजारी गोलंदाज, त्याच्या हातात पेटती बत्ती. "मारत का नाहीस?" मी ओरडलो. तो म्हणाला, "हुकूम नाही." कोठाराला कुलूप, बाहेर उपाशी शिपाई. हुकूम नाही. सगळं शहर त्या एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसलं होतं. आणि तो माणूस, तिथल्या झाडूवाल्याने मला सांगितलं, पहाटेच छावणीतून व्यापाऱ्याचा झगा घालून डोंगराच्या वाटेला लागला होता.

मी परत आलो तेव्हा आग तिसऱ्या गल्लीत होती.

"खान पळाला," मी म्हणालो. "किल्ला रिकामा आहे. एशनियाज अका, फोडा तो गोळा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू हेच म्हणणार, हमराकूल. तुला तो कधी आवडला नाही."

"माझ्या आईची शप्पथ!"

"वर्तमानपत्रात आलंय का?" तो म्हणाला.

त्या टोमण्याने माझ्या अंगाचा भडका उडाला. मी फावड्याला हात घातला, त्याने मला ढकललं, आम्ही दोघे चिखलात. एवढ्यात बायका ओरडल्या, "आला, आला!" रस्त्याने मीरहैदर येत होता. गाढवावर. एशनियाज उठला, कपडे झटकले, चेहरा उजळला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते विसरलेलो नाही.

मीरहैदर थांबत नव्हता. गाढवावर गालिचा, बोचकं, मागे त्याची म्हातारी.

"मोहोरदार! अंगठी!"

"कसली अंगठी?" मीरहैदर म्हणाला. "बोटात घेऊन गेला तो. तुराबेकच्या मळ्यावर थांबला, खरबूज खाल्लं आणि पुढे गेला. वरच्या अंगाच्या सगळ्यांनी बघितलं त्याला जाताना. तू इथे काय करतोयस, एशनियाज?"

एशनियाजने फावडं उचललं आणि एका घावात गोळा, गाठ, दोरी सगळं तोडलं. दार उचललं. दहा हात त्याच्या मदतीला आले.

पाणी आलं नाही. दाराच्या उंबऱ्याखाली, मोठ्या पाटाच्या तळाशी, थोडं पाणी चिखलातून वाट काढत होतं, ते उंबरा चढू शकत नव्हतं. खान ज्यांच्या डोळ्यांदेखत पळाला त्यांना ते आमच्या आधी कळलं. तुराबेकच्या माणसांनी वरची सगळी दारं सकाळीच उपटली होती. एशनियाजच्या पाठीमागे, त्याच्या टाचांना लागून, पाणी उतरत गेलं होतं. पाण्यात पाय घालून गोधड्या ओळखणारा माणूस त्या सकाळी कोरड्यावर उभा होता, रस्त्याकडे बघत.

तो उंबऱ्यावर पालथा पडला आणि हातांनी पाणी वर ओढायला लागला.

आयसुलू आणि बीबीनारचा सासरा शेजारी शेजारी सापडले. तिने त्याला अंथरुणासकट दारापर्यंत ओढत आणलं होतं.

एशनियाजने आयसुलूला पुरलं. दफनाला लोक आले, पण त्याच्याजवळ उभं राहायला कचरत होते. मी उभा राहिलो. एकदा तो म्हणाला, "मी चुकीचं काय बोललो होतो? तुराबेकने फोडलाच ना?" उत्तर ऐकायला तो थांबला नाही. मी आजवर त्याचं उत्तर शोधतो आहे. तो बरोबरच बोलला होता. मोहोरेमुळेच गरिबाला पाणी मिळालं होतं, आणि मोहोरेमुळेच गरीब जळाला. एका माणसाच्या बोटात तुमचा न्याय असला तर तो माणूस जाईल तिकडे न्यायही जातो. हे मी नंतर सभांमधून शंभरदा बोललो. टाळ्या पडल्या. आयसुलूच्या तंदुराशी त्या दिवशी ते मला इतकं नीट बोलता आलं असतं तर, असं मनात येतं आणि मी चिडतो.

नवं सरकार आलं. त्यांनी पाण्याची समिती केली, आणि पाट कळणारा माणूस एकच, म्हणून एशनियाजलाच परत पाटकरी नेमलं. आता मोहोर नाही, दोरी नाही. आम्हाला वाटलं, आता बरं होईल.

पण त्याच्यातलं काहीतरी मोडलं होतं. कुणीही आलं, पाणी मागितलं, की तो दार उचलायचा. पाळी कुणाची, विचारायचा नाही. सुतार आले, उचललं. माळी आले, उचललं. तुराबेकचा पुतण्या आला, त्यालाही उचलून दिलं. "अहो, आज आमची पाळी आहे!" म्हटलं तर म्हणायचा, "त्याने मागितलं ना." डोळे खाली. पाण्यातून पाय बाहेर काढायचा नाही, हिवाळ्यातसुद्धा. पाय सुजले, काळे पडले. दमदाटी करणाऱ्यांना हे लगेच कळलं आणि आमचा हौद पुन्हा आटला.

शेवटी मोहल्ल्याने सभा बोलावली. जळक्या मशिदीच्या अंगणात, बायकासुद्धा होत्या, आणि ते पहिल्यांदाच होत होतं. एशनियाज पुढे बसला. सगळे आडवळणाने बोलत होते. तब्येत बरी नाही, वय झालं, असं काहीबाही. बीबीनारला ते सहन झालं नाही.

"एशनियाज अका, स्पष्ट बोलते, राग मानू नका," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही सगळ्यांना नाही म्हणालात. आता सगळ्यांना हो म्हणता. दोन्ही वेळा हौद आमचाच कोरडा."

एशनियाजने मान वर केली.

"मला नाही म्हणता येत आता, अपा," तो म्हणाला. "तोंडातून निघतच नाही."

"माहीत आहे."

"मग दुसरा कुणीतरी बघा ना. मी कधीचा वाट बघतोय, कुणीतरी म्हणेल म्हणून."

बीबीनार रडायला लागली. मग तिने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "एक माणूस नको. आपण सगळे मिळून ठरवू." आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला! कुणाची पाळी आधी, दार कोण उचलणार, रंगाऱ्यांना जास्त का, सुतारांनी गोधड्या कुठे धुवायच्या. एकमेकांचे बाप काढले. दोघांनी टोप्या फेकल्या.

एशनियाज हळूच उठून बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. मी त्याच्यामागे आलो. आतला आवाज बाजारात ऐकू गेला असता.

"खानाच्या वेळी पाण्यावरून एवढं कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"आयसुलूला मजा आली असती. तिने सगळ्यांना गप्प केलं असतं."

मग त्याने सुजलेले पाय पुढे पसरले आणि डोळे मिटून आतलं भांडण ऐकत राहिला. त्याच हिवाळ्यात तो गेला. पाळीचा प्रश्न तेव्हाही पुरता सुटला नव्हता, पण हौदात पाणी होतं, आणि त्याला शेवटची अंघोळ त्याच पाण्याने घातली.